पंचाहत्तर टक्क्यांचे गणित

औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जाळून वाफ करतात, त्या वाफेवर टर्बाइन फिरते आणि वीज निर्माण होते. इंधनातील ऊर्जेपैकी जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा विजेच्या रूपाने हाती येते. बाकीची बहुतेक उष्णता होऊन वाया जाते, हे आपण वर्गात सांगतोच. ही उष्णता शेजारच्या कारखान्याने किंवा रुग्णालयाने वापरली तर? या साध्या विचारावर उष्णता-वीज सहनिर्मितीचे तंत्र उभे आहे. वाफ फार दूर नेता येत नाही, म्हणून वीजच उष्णतेच्या गिऱ्हाइकाजवळ निर्माण करायची.

या तंत्राचा प्रसार व्हावा म्हणून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने विभागीय साहाय्य केंद्रे काढली. पहिले केंद्र २००१ साली शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात सुरू झाले. पुढे सर्व विभागांत अशी केंद्रे आली. त्यांची नावे २००९ व २०१३ साली बदलली, काम मात्र तेच राहिले. रुग्णालयाच्या व्यवस्थापकाला टर्बाइनची माहिती कोठून असणार? आणि यंत्र विकणाऱ्याच्या शब्दावर किती विसंबायचे? अशा वेळी केंद्रातील जाणकार विजेची व इंधनाची बिले तपासून यंत्र परवडेल का, याचा प्राथमिक अंदाज देत. या कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कचा मोठा भाग अंधारात गेला, तेव्हा ब्राँक्समधील को-ऑप सिटी या पंधरा हजारांवर घरांच्या वसाहतीत दिवे चालू होते. तिचे स्वतःचे ४० मेगावॅटचे सहनिर्मिती केंद्र होते.

तरीही आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप गणिताचा. या तंत्राच्या प्रचारसाहित्यात एक आकृती हमखास भेटते. सहनिर्मितीत १०० एकके इंधन जाळले की ३० एकके वीज व ४५ एकके वाफ मिळते. म्हणजे कार्यक्षमता ७५ टक्के. तेवढीच वीज ३३ टक्के कार्यक्षमतेच्या वीजकेंद्रातून घेतली तर ९१ एकके इंधन लागते आणि तेवढीच वाफ ८० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमधून घेतली तर ५६. बेरीज १४७. म्हणजे ४७ एककांची बचत! बेरीज बरोबर आहे. पण वीज आणि वाफ एकाच मापाने मोजणे म्हणजे आंबे आणि चिंचा एकत्र मोजण्यासारखे आहे. विजेपासून सगळी उष्णता मिळते. उष्णतेपासून सगळी वीज मिळत नाही. शिवाय ३३ हा आकडा जुन्या केंद्राचा. नव्या वायू केंद्राची वीज ५० टक्के कार्यक्षमतेने घरी पोचते असे धरले, तर ६० अधिक ५६ मिळून ११६ एकके होतात आणि बचत १६ वर येते. वीज पवनचक्कीची असेल तर फक्त बॉयलरची ५६ एकके उरतात; तेथे १०० एकके जाळणारी सहनिर्मितीच उधळी ठरते. तेव्हा ‘बचत किती?’ याआधी ‘कोणत्या केंद्राची वीज वाचली?’ हे विचारले पाहिजे. आकृती ते विचारू देत नाही.

दुसरा आक्षेप निदानाचा. जो प्रचारक, तोच परीक्षक, अशी या केंद्रांची रचना होती. साहजिकच यशाच्या कहाण्या नीट नोंदवल्या गेल्या. बंद पडलेल्या यंत्रांच्या कहाण्या तितक्या सहज भेटत नाहीत. लोकांना माहिती नाही म्हणून तंत्र पसरत नाही, असे सरळ गृहीत धरले गेले. २०१२ साली अमेरिकेत सहनिर्मितीची सुमारे ८२ गिगावॅट क्षमता होती. त्याच वर्षी अध्यक्ष ओबामा यांनी २०२० पर्यंत तीत आणखी ४० गिगावॅटची भर घालण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२० उजाडले, सरले. एकूण क्षमता ८० गिगावॅटच्या आसपासच राहिली. अडचण माहितीची कमी आणि भांडवलाची, इंधनाच्या भावाची, वीज कंपन्यांच्या राखीव पुरवठ्याच्या आकाराची जास्त होती. सल्लागार कितीही हुशार असला तरी त्याला दरपत्रक बदलता येत नाही.

आपल्याकडे याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. साखर कारखान्यात बगॅस जाळून केलेली वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि मग उसाचा रस आटवते. उष्णतेचे गिऱ्हाईक तेथे घरचेच आहे. पण गाळप हंगाम संपला की ते गिऱ्हाईक जाते. त्यानंतरही वीज करत राहिले तर तो सहनिर्मितीचा कारखाना राहत नाही, साधे वीजकेंद्र होते. जवळच्या कारखान्याची सहल काढणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एवढाच प्रश्न द्यावा: हंगामात आणि हंगामाबाहेर या वाफेचे पुढे काय होते? याचे उत्तर ज्याला मिळाले, तो ७५ टक्क्यांच्या पाटीला सहसा फसणार नाही.