किरण आणि कवच : अदृश्य छळाचे वाङ्मय

कोणी तरी दुरून, अदृश्य रीतीने आपल्या देहात आणि मनात शिरून आपला छळ करीत आहे, ही भावना फार जुनी आहे. आपल्याकडे तिला करणी, मूठ, भानामती अशी नावे होती आणि तिच्यावर ताईत, अंगारा, काळा दोरा असे उपायही होते. यंत्रयुगाने ही भावना नाहीशी केली नाही, तिचा वेश तेवढा पालटला. मुठीच्या जागी किरण आले, मांत्रिकाच्या जागी यंत्र आले आणि ताइताच्या जागी धातूचा पत्रा आला. विद्युत्चुंबकीय लहरींच्या भयाने डोक्यावर चंदेरी पत्र्याची टोपी घालणारा माणूस हे आज जगभरच्या हास्यचित्रांतील एक ठरावीक सोंग होऊन बसले आहे. सोंग एकदा ठरले की त्यामागचा माणूस दिसेनासा होतो. तो माणूस वाङ्मयाला दिसला काय, आणि दिसला असल्यास कसा, हा प्रश्न म्हणूनच समीक्षेच्या कक्षेत येतो.

या वाङ्मयाचा आरंभ एका विलक्षण ग्रंथापासून मानता येतो. जॉन हॅस्लम या लंडनच्या बेथलेम वेड्यांच्या रुग्णालयातील वैद्याने १८१० साली 'इलस्ट्रेशन्स ऑफ मॅडनेस' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा विषय जेम्स टिली मॅथ्यूज हा एकच रुग्ण होता. चहाचा व्यापार करणारा हा गृहस्थ इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तह घडवून आणण्याच्या खटपटीत पडला, फ्रान्समध्ये काही वर्षे कैदेत राहिला आणि परतल्यावर सरकारवर देशद्रोहाचे आरोप करू लागला. १७९७ साली त्याची रवानगी बेथलेममध्ये झाली. लंडनच्या तटभिंतीजवळ एक टोळी दडून बसली आहे आणि 'एअर लूम' नावाच्या यंत्रातून चुंबकीय प्रवाह सोडून ती आपल्या विचारांत ढवळाढवळ करते, असे तो सांगे. त्या यंत्राचे त्याने काढलेले तपशीलवार चित्रही ग्रंथात छापले आहे. मॅथ्यूज शहाणा असल्याचा निर्वाळा दोन बाहेरच्या वैद्यांनी दिला होता. त्यांना खोटे पाडणे, हा हॅस्लमचा हेतू. परंतु रुग्णाचा वेडेपणा सिद्ध करण्यासाठी त्याला रुग्णाचेच शब्द पानोपानी उतरवावे लागले आणि परिणाम उलटा झाला. हॅस्लमची टीका आज शिळी वाटते; मॅथ्यूजचे यंत्र मात्र अजून खडखडत आहे. पुढे संसदेच्या समितीने बेथलेमच्या कारभाराची चौकशी केली आणि १८१६ साली हॅस्लमलाच नोकरीवरून दूर व्हावे लागले.

यंत्राचे हे रूप येते कोठून, याचे एक उत्तर व्हिएन्नाचे मनोविश्लेषक व्हिक्टर टाउस्क यांनी १९१९ साली लिहिलेल्या निबंधात मिळते. आपल्यावर प्रभाव टाकणाऱ्या यंत्राचे वर्णन करताना रुग्ण आपल्या काळातील तंत्रज्ञानाची सामग्री उसनी घेतो आणि तरीही ती सामग्री त्याच्या अनुभवाला अपुरी पडते, हे टाउस्क यांचे निरीक्षण मार्मिक आहे. वाङ्मयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, यंत्र ही येथे एक प्रतिमा आहे. ती प्रतिमा आहे, हे मात्र ती योजणाऱ्याला ठाऊक नसते. कवी आणि हा रुग्ण यांच्यातील अंतर नेमके येथे आहे. ते विसरून भ्रमालाच काव्य म्हणून गौरवणे, ही पीडिताची दुसऱ्या प्रकारे केलेली थट्टाच होय.

या अंतराच्या सीमेवर उभा असलेला ग्रंथ म्हणजे डानियल पाउल श्रेबर यांच्या १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी. श्रेबर हे ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयातील न्यायाधीश. १८९३ साली त्यांचे मन बिघडले आणि पुढची अनेक वर्षे रुग्णालयात गेली. ईश्वराचे किरण आपल्या मज्जातंतूंना भिडले आहेत आणि अखंड बोलून ते आपल्याला क्षणाचीही उसंत देत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लावला, हे ध्यानात घेतले की त्या काळच्या वाचकाच्या कानाला 'किरण' हा शब्द कसा लागत असेल याची कल्पना येते. श्रेबर यांनी या किरणांपासून बचाव करण्यासाठी जो उपाय योजला तो फार बोलका आहे. ते पियानो वाजवीत आणि मनातल्या मनात कविता म्हणत. शिलरची कथाकाव्ये, नाटकांतील उतारे, इतकेच नव्हे तर मुलांसाठी लिहिलेली गमतीची पद्येही त्यांनी मुद्दाम पाठ केली होती. आवाजांच्या बडबडीपुढे त्यांनी छंदाची भिंत उभी केली.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. 'कवच' हा शब्द आपल्याकडे चिलखताचा वाचक आहे, तसाच तो एका स्तोत्रप्रकाराचाही वाचक आहे. देवीकवचात किंवा रामरक्षेत मस्तकापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे नाव घेऊन त्याला रक्षण मागितले जाते. तेथे पत्रा नाही, शब्द आहे. देहाला शब्दांनी वेढून घेण्याची ही कल्पना आणि श्रेबर यांचे कवितापठण यांत श्रद्धेचे साम्य नाही. गरजेचे मात्र आहे.

धातूच्या टोपीची कथा याहून वेगळी. ती मुळात कोणा रुग्णाची नव्हे, एका शास्त्रज्ञाची निर्मिती आहे. पुढे युनेस्कोचे पहिले महासंचालक झालेले जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली यांनी १९२६ साली 'द टिश्यू-कल्चर किंग' ही कथा प्रसिद्ध केली. आफ्रिकेतील एका कल्पित राज्यात अडकलेला हॅस्कोम हा संशोधक सामूहिक संमोहनाच्या लहरी दूरवर पाठवण्याचे तंत्र साधतो आणि त्यांच्यापासून स्वतःचा बचाव व्हावा म्हणून धातूच्या पत्र्याच्या टोप्या करतो. त्या टोप्या घालून तो आणि निवेदक पळ काढतात. बरेच अंतर तोडल्यावर धोका टळला असे समजून ते टोप्या टाकून देतात आणि त्याच क्षणी हॅस्कोम मागे ओढला जातो. आफ्रिकेकडे पाहण्याची या कथेची दृष्टी साम्राज्यशाहीच्या काळातली आहे, हा तिचा उघड दोष. परंतु तिच्यातील टोपी वेडेपणाचे चिन्ह नाही. सत्तेच्या हाती गेलेल्या विज्ञानापुढे माणूस किती उघडा पडतो, याचे ते चिन्ह आहे. हक्स्लींचा हा प्रश्न पुढे विसरला गेला आणि टोपी तेवढी टवाळीसाठी उरली.

वास्तवातील टोपीविषयी विज्ञानाचे म्हणणे स्पष्ट आहे. फॅरडे यांनी १८३६ साली धातूच्या पत्र्याने मढवलेल्या खोलीत बसून दाखवून दिले की बाहेरच्या विद्युत्प्रपाताचा परिणाम आत पोहोचत नाही. पण ती खोली सर्व बाजूंनी बंद होती. टोपी खालून उघडी असते. विद्युत्चुंबकीय लहरींनी आपल्याला त्रास होतो असे सांगणाऱ्यांवर झालेल्या ३१ प्रयोगांचा आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. लहर केव्हा चालू आहे आणि केव्हा बंद, हे त्या माणसांना ओळखता येते, असा भक्कम पुरावा त्यांत मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी जाहीर केले की ही लक्षणे खरी आहेत, परंतु त्यांचा संबंध लहरींशी जोडण्यास शास्त्रीय आधार नाही. या विधानाचे दोन्ही भाग एकदम मनात धरणे अवघड जाते. भित्रा पहिल्यालाच कवटाळतो, टवाळखोर दुसऱ्याला.

संशयपिशाच्च केवळ अज्ञानावर पोसत नाही, लपवाछपवीवरही पोसते. मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीवर सोव्हिएत सरकार १९५० नंतरच्या दशकापासून सूक्ष्मलहरींचा मारा करीत होते आणि अमेरिकन सरकारने ही गोष्ट आपल्याच कर्मचाऱ्यांपासून वर्षानुवर्षे दडवून ठेवली. ती १९७६ साली उघड झाली आणि त्या वर्षी खिडक्यांना धातूच्या जाळ्या बसवण्यात आल्या. पुढील पाहणीत त्या लहरींमुळे आरोग्याची हानी झाल्याचे सिद्ध झाले नाही. विश्वासाची हानी मात्र होऊन चुकली होती. उलट बाजूने, २०२० साली ब्रिटनमध्ये साथीचा संबंध नव्या मनोऱ्यांशी जोडून लोकांनी ते पेटवून दिले. भय नेहमीच भित्र्याच्या घरातच कोंडून राहते, असे नाही.

या भयाचे सर्वांत प्रगल्भ कथात्म रूप एव्हलिन वॉ यांच्या 'द ऑर्डील ऑफ गिल्बर्ट पिनफोल्ड' या १९५७ च्या कादंबरीत आढळते. पन्नाशीचा कादंबरीकार पिनफोल्ड सिलोनला निघालेल्या बोटीवर आवाज ऐकू लागतो. 'बॉक्स' नावाच्या एका यंत्राने शत्रू आपल्या मनाशी खेळत आहेत, अशी त्याची खात्री पटते. वॉ यांनी १९५४ साली अशाच प्रवासात अशीच अवस्था भोगली होती. शेवटी आवाजांचा म्होरक्या त्याच्याशी सौदा करू पाहतो : झाले ते कोणाला सांगू नकोस, आम्ही तुला सोडून देऊ. पिनफोल्ड हा सौदा नाकारतो. झोपेच्या औषधांचे हे विष होते, असा उलगडा वैद्य करतात; परंतु पिनफोल्डला तेवढ्याने समाधान नाही. तो लिहावयास बसतो. कादंबरीचे मर्म या नकारात आहे. गप्प राहणे हीच येथे खरी शरणागती ठरली असती.

२०१५ ते २०२२ या काळातील 'बेटर कॉल सॉल' या अमेरिकन दूरचित्रमालिकेतील चक हा निष्णात वकील चंदेरी चादर पांघरून दिवे मालवलेल्या घरात राहतो. त्याचा सख्खा भाऊ भर सुनावणीत त्याच्या खिशात नकळत ठेवलेली बॅटरी उघड करून त्याला खोटे पाडतो. लहरींचा त्रास खोटा ठरतो. भावाने केलेला घात मात्र खरा असतो. श्रेबर यांचे उदाहरण याच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. त्यांनी आपला खटला स्वतः लढवला आणि १९०२ साली न्यायालयाने निर्णय दिला की हा गृहस्थ भ्रमिष्ट असला तरी आपले व्यवहार सांभाळण्याचा हक्क त्याच्याकडून काढून घेता येत नाही. एका न्यायालयात भ्रमाबरोबर माणूसही बाद झाला. दुसऱ्यात भ्रम बाद होऊन माणूस उरला.

शब्दाचे कवच माणसाला बरे करते, असा निष्कर्ष यातून काढणे भाबडेपणाचे होईल. श्रेबर १९०७ साली पुन्हा रुग्णालयात गेले आणि १९११ साली तेथेच वारले. शब्दाने त्यांचा रोग हटला नाही. परंतु आपण कोण, हे केवळ इतरांनी ठरवावे, या संकटातून त्याने त्यांना वाचवले. मॅथ्यूजच्या बाबतीत हे काम वैऱ्याच्या लेखणीने नकळत केले, पिनफोल्डच्या बाबतीत त्याच्या स्वतःच्या. बाण कोठून आला हे सांगण्यात ही माणसे चुकली. बाण लागला आहे, हे सांगण्यात चुकली नाहीत. पहिली चूक दुरुस्त करणे हे विज्ञानाचे काम आहे आणि ते त्याने निःसंकोचपणे करावे. दुसरे विधान ऐकून घेणे हे वाङ्मयाचे काम. पत्र्याच्या टोपीवर हसून मोकळा होणारा लेखक ते टाळतो आणि हॅस्लमच्या रांगेत जाऊन उभा राहतो.