कशाच्या दुप्पट?

शाळेत गणित शिकवताना 'शेकडेवारी' आली, की मी मुलांना एकच प्रश्न विचारून भंडावतो : शेकडा खरे, पण कशाचे? उत्तर बरोबर असले तरी एवढे सांगता आले नाही तर मी गुण देत नाही. मुले मला खाष्ट म्हणतात, म्हणोत बापडी. पण सकाळी वर्तमानपत्र उघडले की वाटते, हा प्रश्न बातमीदारांना कोणी विचारतच नसावे. अमुक खाल्ल्याने तमुक रोगाचा धोका दुप्पट, असा ठसठशीत मथळा असतो. मुळात धोका होता किती, हे शेवटच्या ओळीपर्यंत सापडत नाही.

असल्या बातम्या हसून सोडून द्याव्यात, असेच मला वाटे. विलायतेतली १९९५ सालची हकीकत वाचली आणि हसू मावळले.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिथल्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना पत्रे धाडली : संततिनियमनाच्या काही नव्या गोळ्यांनी शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या मानाने सुमारे दुप्पट होतो. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने त्यातले 'दुप्पट' तेवढे उचलले. कित्येक डॉक्टरांच्या हाती पत्र पडण्यापूर्वीच घाबरलेल्या बायका दारात उभ्या! आता आकडे पाहा. जुन्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे सात हजार बायकांत वर्षाकाठी एकीला गुठळी होई. नव्या घेणाऱ्यांत दोघींना. वाढ झाली ती एवढीच. भीतीने अनेकींनी गोळ्या टाकल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या नव्या गोळ्यांहूनही अधिक असतो! जिला भिऊन पळाल्या, तिच्याच वाटेवर त्या बिचाऱ्या जाऊन उभ्या राहिल्या.

दोष एकट्या वर्तमानपत्रांचा नाही. 'दुप्पट' हा शब्द समितीनेच पुढे केला होता. पण ते पत्र डॉक्टरांसाठी होते. घरोघरी पोचवण्यापूर्वी 'कशाच्या?' असे विचारणे हे बातमीदाराचे काम.

खोटे कोणीच लिहिले नव्हते. इथेच माझ्यातल्या कादंबरीकाराला आपली चोरी पकडली गेल्यासारखे होते. कारण ही युक्ती आमची! 'वर्षभरात त्याचे कर्ज दुप्पट झाले' असे मी लिहितो, तेव्हा वाचकाच्या काळजात चर्र होते. चार रुपयांचे आठ झाले की चार हजारांचे आठ हजार, हे मी मुद्दाम दडवतो. सांगितले तर प्रकरणातली हवाच निघून जाईल. पण माझा वाचक फार तर रात्रभर जागतो. औषध बंद करीत नाही.

मथळ्यात जागा नसते, अशी सबब हमखास पुढे येईल. म्हणून मीच एक मथळा करून पाहिला : 'सात हजारांत एकीऐवजी दोघी'. चार शब्द झाले.