सांपत्तिक तुलनेतील एक दोष : कॅनडातील जपानी व मॅसिडोनियन समाज

कॅनडातील जपानी व मॅसिडोनियन स्थलांतरितांच्या सांपत्तिक स्थितीची तुलना केवळ सरासरी उत्पन्नावरून करणे सदोष होय. ऑटोमन सत्तेविरुद्धच्या १९०३ च्या इलिंडेन उठावानंतर टोरोंटोस आलेले मॅसिडोनियन प्रथम कत्तलखान्यांत व ओतशाळांत राबले; पुढे त्यांतील कित्येक उपाहारगृहांचे मालक झाले. ब्रिटिश कोलंबियातील जपान्यांनीही मासेमारीत व फ्रेझर खोऱ्यातील स्ट्रॉबेरीच्या शेतीत असाच जम बसविला होता. तथापि १९४२ मध्ये जपानी वंशाच्या सुमारे २२,००० लोकांना किनाऱ्यावरून हलविण्यात आले. त्यांतील बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. त्यांच्या नौका, शेते व घरे सरकारने त्यांच्या संमतीवाचून विकली. १९४९ पर्यंत त्यांना परतण्यास बंदी होती. १९८८ मध्ये मिळालेली भरपाई हयात व्यक्तींस प्रत्येकी २१,००० डॉलर एवढीच होती. म्हणून पुढील पिढीचे वेतन पाहून ही हानी भरून निघाली असे मानता येत नाही. वेतन ही चालू प्राप्ती होय, संचित संपत्ती नव्हे.

उलटपक्षी, मॅसिडोनियनांची गणना पुष्कळदा बल्गेरियन, ग्रीक वा युगोस्लाव्ह या नावांखाली झाली. सारांश, एका पारड्यात गमावलेली संपत्ती धरलेली नाही, दुसऱ्यात माणसेच पुरती नाहीत. अशा तराजूने कोणता समाज अधिक संपन्न हे ठरविणे शास्त्रीय ठरणार नाही.