‘सोलारिस’ : कादंबरी आणि चित्रपट

स्तानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ ही पोलिश विज्ञान-कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरील आंद्रेई तारकोव्हस्की यांचा चित्रपट १९७२चा. अंतराळस्थानक, ग्रह व्यापणारा सजीव महासागर, केल्विनसमोर पुन्हा उभी राहणारी त्याची मृत पत्नी, हे सारे चित्रपटात आहे. कथानकापुरते मूळ कृतीशी इमान राखलेले दिसते. तरीही लेम नाराज झाले, आणि त्यांची नाराजी रास्त होती. कादंबरीत त्या महासागराचे एक संपूर्ण शास्त्र उभे आहे : पिढ्यान्‌पिढ्यांचे ग्रंथ, वर्गीकरणे, वादविवाद, आणि पदरी काय, तर अज्ञान! मानवी बुद्धीची ही मर्यादा हाच तिचा गाभा होय. चित्रपटात ती मागे पडते आणि केल्विनचे अपराधीपण पुढे येते. कादंबरी थेट अंतराळप्रवासाने सुरू होते. चित्रपट आधी पृथ्वीवर, वडिलांच्या घरी बराच रेंगाळतो आणि अखेरीस तेच घर महासागरातील बेटावर दाखवतो. मूळ कृतीपासून फारकत झाली आहे ती येथे. गाळलेले प्रसंग मोजून ती सापडणार नाही. मात्र याच फारकतीतून तारकोव्हस्कींचा चित्रपट स्वतःच्या पायावर उभा राहिला. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या २००२च्या चित्रपटात प्रेमकथाच मुख्य झाली, आणि महासागर आणखी दूर सरला.