'द रॉयल' आणि मेट्रनबाईंचे राज्य

'द रॉयल' ही इंग्लंडच्या आय.टी.व्ही. वाहिनीवरील मालिका जानेवारी २००३ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०११ मध्ये आठ पर्वांनंतर संपली. लंडनच्या आमच्या आप्तांनी तिच्या तबकड्या मला पाठविल्या, व गेल्या हिवाळ्यात ती मी सावकाशीने पाहिली. मालिका करमणुकीची आहे, स्वच्छ आहे, घरातील लहानथोरांनी एकत्र बसून पाहावी अशी आहे. तरीही तिच्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटले, कारण ती पाहून झाल्यावर आपल्या मंडळींच्या तोंडी जे वाक्य हटकून येते ते मला पटत नाही. ते वाक्य असे : "पूर्वीच्या नर्सेस कशा मायाळू होत्या, आजच्या पाहा!"

प्रथम मालिकेचा परिचय. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर एल्सिनबी नावाचे गाव आहे. गाव काल्पनिक, चित्रीकरण मुख्यतः स्कारबरो येथे झाले. तेथे समुद्राकडे तोंड करून 'सेंट एडन्स रॉयल फ्री' नावाचे छोटे इस्पितळ उभे आहे. काळ १९६० नंतरच्या दशकाचा. 'हार्टबीट' ही खेड्यातील पोलीस शिपायाची मालिका १९९२ पासून लोकप्रिय होती, तिच्याच घरातील ही धाकटी बहीण. त्यामुळे तिच्याप्रमाणेच येथेही मागे त्या काळची पॉप गाणी वाजतात, जुन्या मोटारी धावतात, आणि दर भागात दोन-तीन रुग्ण येऊन आपापली गोष्ट सांगून जातात. कोणी शेतावर जखमी होतो, कोणी समुद्रात सापडतो, कोणी मनातले दुःख लपवून पोटदुखीची तक्रार करतो. अलिबाग, रेवदंडा, मुरूड या बाजूस बालपण गेलेल्यांना असे गाव परके वाटणार नाही. सगळ्यांना सगळ्यांचे माहीत, आणि डॉक्टरला तर त्याहून थोडे अधिक.

इस्पितळाच्या नावातील 'फ्री' या शब्दाकडे लक्ष द्यावे. ५ जुलै १९४८ रोजी इंग्लंडात राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली व उपचार सर्वांना मोफत झाले. त्यापूर्वी अशी अनेक इस्पितळे देणग्यांवर चालत. लंडनचे 'रॉयल फ्री' १८२८ मध्ये गरिबांसाठी निघाले, ते अशाच धर्मादाय परंपरेतले. मालिकेतील हॉस्पिटल सेक्रेटरी मिडलडिच हे त्या जुन्या परंपरेचे शेवटचे शिलेदार वाटतात. हे काम इयन कार्माइकल यांनी केले आहे. मालिका सुरू झाली तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. खऱ्या इस्पितळात ते केव्हाच निवृत्त झाले असते. परंतु त्यांची चाल, त्यांचे सौजन्य आणि कागदपत्रांतील शिस्त इतकी खरी वाटते की वयाचा हिशेब कोणी करीत नाही. २०१० मध्ये ते वारले.

अभिनयात सर्वांवर मात केली आहे ती मेट्रनचे काम करणाऱ्या वेंडी क्रेग यांनी. आवाज चढत नाही, पण वॉर्डात त्या शिरल्या की मुलींचे खांदे आपोआप ताठ होतात. मेट्रनच्या फेरीचा हा दरारा मला ठाऊक आहे. मी मुंबईत नर्सिंग शिकले तेव्हा ब्रिटिशांनी घालून दिलेली वहिवाट पुष्कळशी तशीच होती. फेरीपूर्वी सर्व खाटांची चाके एका दिशेला वळवायची, उशीच्या अभ्र्याचे उघडे तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला ठेवायचे, चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडायचे. रुग्णाने पाय हलवला तर चादर बिघडेल म्हणून त्यालाही दटावले जाई! वेंडी क्रेग यांच्या नजरेत ही सगळी तपासणी दिसते. त्याबद्दल त्यांना शंभरपैकी शंभर गुण.

आता उणिवांकडे वळू. या इस्पितळात डॉक्टर पुष्कळ बोलतात. नर्सेस पुष्कळ धावतात, प्रेमात पडतात, डोळे पुसतात. पण नर्सिंग असे फारच थोडे दिसते. त्या काळचा वॉर्ड म्हणजे काय? स्टीलची बेडपॅन धुऊन, कोमट करून देणे. काचेच्या सिरिंजा उकळणे. दर चार तासांनी पाठीला स्पिरिट व पावडर चोळणे. हाडाच्या उंचवट्यावर असे चोळल्याने कातडीला उलट इजा होते हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा ते न करणाऱ्या मुलीला बोलणी बसत. हृदयविकाराच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत, आणि मग त्याच्या पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चिंता करीत. रोग बरा होण्यास वेळ लागतो. तासाभराच्या भागात तो वेळ बसत नाही, म्हणून मालिकेत रुग्ण एक तर झटकन बरा होतो किंवा झटकन मरतो. दोन्हींच्या मधले जे लांबलचक दिवस, तेच तर नर्सचे काम! ते वगळल्यावर शिल्लक राहतो तो गोड चेहरा आणि पांढरी टोपी.

स्त्री-डॉक्टरचे चित्र मात्र चांगले उतरले आहे. डॉ. जिल वेदरिल (एमी रॉबिन्स) ही कर्तबगार आहे, आणि आपली कर्तबगारी तिला पुन्हापुन्हा सिद्ध करावी लागते. तिच्या बरोबरीचे डॉ. ऑर्मरॉड (रॉबर्ट डॉज) आधी ताठ, मग हळूहळू माणसात येणारे; हे दोघे कलावंत प्रत्यक्ष जीवनातही पतिपत्नी आहेत, म्हणून कदाचित त्यांच्या वादात कृत्रिमपणा नाही. आपल्या वाचकांना स्त्री-डॉक्टरचे नवल वाटण्याचे कारण नाही. लंडनची एम.डी. घेऊन आलेल्या आणि मुंबईच्या कामा इस्पितळाची धुरा वाहिलेल्या डॉ. जेरुशा झिराड आपल्याच समाजातल्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एल्सिनबीत जे प्रश्न त्या सुमारास विचारले जात होते त्यांची उत्तरे त्यांनी मुंबईत कितीतरी आधी देऊन ठेवली होती.

मालिकेच्या पाठीमागे एक मोठा विषय उभा आहे, पण दिग्दर्शक त्याला पुढे येऊ देत नाहीत. १९६२ मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी इस्पितळांची नवी योजना मांडली. एक ते दीड लाख वस्तीमागे ६०० ते ८०० खाटांचे एक मोठे जिल्हा इस्पितळ, आणि लहानसहान इस्पितळे टप्प्याटप्प्याने बंद, असा तिचा रोख होता. यंत्रे महाग झाली होती, तज्ज्ञ एका जागी हवे होते; योजनेत तथ्य होते. पण त्या दिवसापासून सेंट एडन्ससारख्या प्रत्येक इस्पितळाच्या डोक्यावर टांगती तलवार आली. चांगल्या लेखकाने याच भीतीवर सगळी मालिका उभारली असती. येथे पैशाची चणचण बोलून दाखवतात, आणि पुन्हा गाणे सुरू होते.

दुसरी गोष्ट परदेशी मुलींची. त्या दशकात आयर्लंड, वेस्ट इंडीज, मॉरिशस, मलेशिया, भारत अशा ठिकाणच्या मुलींनी इंग्लंडचे वॉर्ड सांभाळले. त्यांतल्या पुष्कळ जणींना तीन वर्षांच्या 'स्टेट रजिस्टर्ड' शिक्षणाऐवजी दोन वर्षांच्या 'स्टेट एन्रोल्ड' शिक्षणाला घातले, आणि दोहोंतला फरक नीट सांगितला नाही. कित्येकींच्या मायदेशी त्या धाकट्या प्रमाणपत्राला मान्यताच नव्हती. म्हणजे परतीची वाट बंद, आणि इंग्लंडात बढतीचीही. ज्या पॉवेलसाहेबांच्या मंत्रिपदाच्या काळात हे वॉर्ड परदेशी हातांवर चालले होते, त्यांनीच २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे परदेशातून येणाऱ्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले. देश सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना याची बोच निराळी सांगायला नको. नव्या भूमीत आपल्या प्रमाणपत्रांचे कागद घेऊन खिडकीखिडकीपुढे उभे राहणे आपल्यातल्या अनेक घरांना माहीत आहे. मालिकेचा गाभा मात्र गावातल्याच मंडळींभोवती फिरतो, आणि ही कथा सावलीत राहते.

तिसरी गोष्ट भेटीच्या वेळेची. पूर्वीच्या इंग्रजी इस्पितळात आजारी मुलाला आईने वाटेल तेव्हा भेटणे शिस्तीत बसत नसे. 'आई गेली की मूल रडते, म्हणून तिने येऊच नये', असा तो युक्तिवाद! १९५९ मध्ये प्लॅट समितीने मुलांच्या वॉर्डात भेटीवरील निर्बंध काढावेत असे सुचवले, तरी कित्येक मेट्रननी ते वर्षानुवर्षे मानले नाही; आयांना त्यासाठी संघटना काढावी लागली. आपल्याकडे बिक्कुर होलीम ही मित्सवा. आजाऱ्याच्या उशाशी बसणे हे आपण धर्मकार्य समजतो. तेव्हा मेट्रनबाईंच्या राज्याची आठवण काढताना त्या राज्याचे बंद दारही आठवावे.

आता मूळ मुद्द्यावर येते. मेट्रन चांगली का वाटते? मालिका म्हणते, तिचे हृदय मोठे म्हणून. मी म्हणेन, तिच्या हाती अधिकार होता म्हणून. चादर मळकी असेल तर लाँड्री तिच्या हुकमात. जेवण गार आले तर स्वयंपाकघर तिला जबाबदार. फरशी घाण राहिली तर झाडणारीला तीच बोलावी. १९६६ च्या सॅमन समितीच्या अहवालानंतर मेट्रनचे पद मोडून त्याच्या जागी क्रमांक लावलेल्या अधिकाऱ्यांची उतरंड आली. पुढे सफाई एका खात्याकडे गेली, जेवण दुसऱ्याकडे. रुग्णाने विचारावे कोणाला, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी २००१ साली सरकारनेच 'आधुनिक मेट्रन' पुन्हा नेमल्या, आणि दोन वर्षांत 'द रॉयल' पडद्यावर आली. लोकांना कशाची उणीव भासत होती ते यावरून दिसते.

हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण आज आपले आईवडील, वडील बहीणभाऊ मोठमोठ्या इस्पितळांत पडून असतात. त्यांना मराठीवाचून धड बोलता येत नाही, घंटा वाजवली तर कोणी लवकर येत नाही, आणि आपण व्हरांड्यात उभे राहून त्या मुलीला निष्ठुर म्हणतो. ती निष्ठुर नसते. तिच्याकडे खाटा अधिक असतात, संगणकात लिहायचे पुष्कळ असते, आणि उशी हवी असेल तर तीही दुसऱ्या खात्याकडे मागावी लागते. मी ही नोकरी तीसहून अधिक वर्षे केली. माया आम्हांला कधी कमी पडली नाही. वेळ आणि अधिकार कमी पडले. तक्रार करायची असेल तर ती त्या मुलीकडे करू नये. खाटा किती आणि हात किती हे जे ठरवतात, त्यांच्याकडे लेखी करावी.

मालिका अवश्य पाहावी. वेंडी क्रेग आणि कार्माइकल यांच्यासाठी, समुद्रासाठी, आणि पोर्टर केन हॉपकर्कच्या विनोदासाठी. नातवंडांबरोबर पाहिलीत तर त्यांना एवढे मात्र सांगावे, की त्या स्वच्छ खाटांमागे ज्या मुली रात्रभर जागत होत्या त्यांची गोष्ट अजून कोणी नीट दाखवलेली नाही. आपल्यातल्या ज्या भगिनींनी ते काम केले त्यांनी आपल्या आठवणी या मासिकाकडे लिहून पाठवाव्यात. संपादकांनी जागा द्यावी, ही विनंती.