गल्लीचे माप

दिवाळी अंकात परीक्षण करायचे ते कादंबरीचे नाहीतर नाटकाचे, असा आपला शिरस्ता. मी यंदा ज्या पुस्तकाविषयी लिहितो आहे त्यात नायिका नाही, संवाद नाहीत आणि त्याला शेवटही नाही. अधूनमधून त्याला नवी दुरुस्ती चिकटत असते. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये लागू केलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, हे ते पुस्तक. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळली, तर उभ्या महाराष्ट्रात घर कसे बांधावे हे ती सांगते. पूर्वी गावागणिक निराळे नियम होते. आता जिंतूरचा मिस्त्री आणि कोल्हापूरचा इंजिनियर एकच पोथी उघडतात. ही सोय लहान नव्हे.

मला खटकते ते तिचे दाट वस्तीविषयीचे प्रकरण. ते वाचले आणि परभणीत गुजरी बाजाराच्या मागे, नानलपेठेकडे थोडे हिंडून आलो. नियम असा : गल्ली ४.५ मीटर किंवा त्याहून अरुंद असेल, तर नवे घर बांधणाऱ्याने गल्लीच्या मध्यापासून २.२५ मीटर सोडून भिंत घ्यावी. समजा गल्ली ३ मीटरांची, म्हणजे सुमारे दहा फुटी आहे. तर प्रत्येक घराने पाऊण मीटर, अडीच फूट, मागे सरायचे. कागदावर किती सरळ! पण गल्ली कागदासारखी एका दिवसात छापून होत नाही. एक घर यंदा पडते, शेजारचे वीस वर्षांनी, आणि तिसऱ्यावर भाऊबंदांचा दावा चालू असतो. तोवर गल्लीची बत्तिशी किडकी. मागे सरलेल्या त्या अडीच फुटांत मोटारसायकल उभी राहते, विजेचे मीटर येते, केराची बादली येते. रुंदी वाढते ती नकाशावर.

आणि जातो तो ओटा. माळवदाच्या जुन्या घरांची रचना पाहा. जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, दोन्ही अंगांना शेजाऱ्याची भिंत चिकटलेली. ऊन लागायचे ते पुढून आणि मागून. अरुंद गल्लीत एका ओळीची सावली समोरच्या ओळीवर पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या परभणीत ही सावली हीच गल्लीची खरी मिळकत. नियमावलीत उंचीला रकाना आहे, वाहनतळाला आहे. गल्लीतल्या सावलीला नाही. खाली गाड्या लावायच्या म्हणून तळमजलाच मोकळा सोडला, की रस्त्याकडे पाहायला शटर आणि खांब उरतात.

नियम म्हटला की असेच व्हायचे, असे मात्र नाही. मुंबईच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, १८९६ मध्ये सक्ती झाली की प्रत्येक इमारतीने तळमजल्याला कमानींची पायवाट ठेवावी. मालक निराळे, शैली निराळ्या, तरी रस्ता एक झाला. रॅफल्सने सिंगापूरसाठी १८२२ मध्ये दुकानांपुढे झाकली वाट मागितली, तीही याच जातीची. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडिस तर जुन्या पेठांतून सरसकट रस्ता कापण्याच्या विरुद्धच होते. पडके तेवढे काढा, चांगले राखा, असे त्यांचे सांगणे. या सर्वांना दिसत होती ती सबंध गल्ली. आपल्या पुस्तकाला एकेक भूखंड दिसतो.

हे सारे मी एका ओट्यावर बसून ऐटीत सांगत होतो. घरमालक ऐकून घेऊन म्हणाले, "सर, तुम्हाला ओटा दिसतो. आमच्या आईला बाजेवर टाकून चौकापर्यंत न्यावं लागलं. ॲम्ब्युलन्स आतच येईना."

यावर माझ्याकडे झटपट उत्तर नव्हते. तळमजला तेवढा मागे घेऊन वरचे मजले जुन्या रेघेवर ठेवले, तर पायी चालणाऱ्याला रुंदीही मिळेल आणि सावलीही. पण आगीचा बंब त्या सज्जांखालून जाणार नाही, हे मलाही कळते. मग बंबासाठी चौक मोकळे करावेत, गल्लीच्या तोंडाशी पाण्याचे नळ ठेवावेत, वाहन वळेल अशा दोनचार जागा महानगरपालिकेने मोबदला देऊन घ्याव्यात, आणि रेघ हलवायचीच तर एका बाजूची सबंध ओळ ठरवून हलवावी. हे गल्लीगल्लीचा नकाशा काढल्यावाचून व्हायचे नाही. २.२५ हा आकडा लिहायला एक ओळ पुरते. नकाशा काढायचा तर उन्हात हिंडावे लागते. माझी तक्रार त्या आळसाविषयी आहे, रुंदीविषयी नाही.

घरमालकांचे घर पुढच्या उन्हाळ्याआधी पाडायचे आहे. चुन्याची रेघ ओढून झाली आहे. ओटा अडीच फुटांचाच, तो सगळा रेघेच्या बाहेर येतो. यंदाच्या पणत्या त्यावरच लावणार, असे त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, आणि मला चिवड्याची बशी पुढे केली.