तक्रार गाड्यांची, वाद देवाचा: भक्तिवेदांत मॅनरच्या निमित्ताने

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. कोणत्या जमिनीवर काय करायला परवानगी, म्हणजे ज्याला आपण झोनिंग म्हणतो, आणि त्या नियमांत अनेक वर्षं अडकलेलं एक हिंदू मंदिर. परदेशात मंदिर उभं राहायचं म्हटलं की शेजाऱ्यांच्या हरकती येतात, त्या बहुतेक वेळा ट्रॅफिकच्या, पार्किंगच्या, आवाजाच्या असतात. आपल्याकडे या हरकती वाचण्याच्या दोन सवयी आहेत. एक म्हणते, हा सगळा बहाणा आहे, पोटात दुसरंच काही आहे. दुसरी म्हणते, कायदा म्हणजे कायदा, त्यात धर्म आणू नका. आम्हाला या दोन्ही वाचनांबद्दल तक्रार आहे. ती का, हे एका प्रकरणावरून बघू.

लंडनच्या वायव्येला, वॉटफर्डजवळ, लेचमोर हीथ नावाचं एक लहानसं खेडं आहे. तिथली पिगॉट्स मॅनर ही वास्तू १९७३ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने विकत घेऊन इस्कॉनला दिली. आधी तिथे परिचारिकांचं प्रशिक्षण चालायचं. इस्कॉन तिथे धर्मशिक्षणाचं निवासी महाविद्यालय चालवणार होतं. म्हणजे शिकणारे राहतात, शिकतात. वापर फारसा बदलत नाही, तेव्हा वेगळ्या परवानगीची गरज नाही, असं ठरलं. त्याच वर्षी जन्माष्टमीला राधा-गोकुलानंदांच्या मूर्तींची प्रतिष्ठा झाली.

आता काळ लक्षात घ्या. आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं होतं. त्यातले हजारो ब्रिटनमध्ये आले, त्यांत गुजराती कुटुंबं मोठ्या संख्येने. लंडनच्या उत्तर आणि पश्चिम भागात वस्ती वाढली आणि या मंडळींना दर्शनासाठी जागा हवी होती. मॅनर ती जागा झाली. रविवारी गर्दी, जन्माष्टमीला तर महापूर. आणि तिथे जायचा रस्ता होता गावातूनच, अरुंद, घरांच्या दारासमोरून.

इथे पहिल्या वाचनाला आमचा आक्षेप आहे. गावकऱ्यांची अडचण खोटी नव्हती. जिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, तिथे सणाला हजारो माणसं आली की काय होतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपल्या गावच्या जत्रेत आपण ते बघतोच. फरक एवढाच, की आपली जत्रा वर्षातून एकदा असते, आणि तिच्यात आपण स्वतः असतो. शिवाय १९८३ मध्ये इस्कॉन आणि स्थानिक कौन्सिल यांच्यात करारही झाला होता. ठरावीक सणांचे दिवस सोडले तर एका दिवसात एक हजारापेक्षा जास्त लोक यायचे नाहीत. तो आकडा टिकला नाही. तेव्हा 'त्यांना आपण नको होतो' एवढंच म्हणून हा विषय मिटत नाही.

१९८७ मध्ये कौन्सिलने नोटीस काढली, की सार्वजनिक पूजा आणि सण बंद करा. अपील झालं, चौकशी झाली, १९९० मध्ये मंत्र्यांनी नोटीस कायम ठेवली. मग न्यायालयं, आणि शेवटी युरोपचा मानवाधिकार आयोग. १९९४ मध्ये आयोगाने अर्ज दाखल करून घ्यायला नकार दिला. त्याचा आशय असा: धर्मस्वातंत्र्याचा आधार घेऊन नियोजनाचे कायदे टाळता येणार नाहीत, मात्र ते कायदे लावताना धर्मस्वातंत्र्याला पुरेसं वजन दिलं गेलं पाहिजे.

वाचायला वाक्य समतोल वाटतं. पण 'पुरेसं वजन' म्हणजे किती, आणि वजन कशाचं करायचं? इथे आम्ही दुसऱ्या वाचनाकडे वळतो.

नियोजनाचा कायदा एक प्रश्न विचारतो: या इमारतीत कोणतं काम चालतं? महाविद्यालय, दवाखाना, दुकान, पूजा. काम म्हटलं की ते दुसरीकडे हलवता येतं. म्हणूनच 'दुसरी जागा बघा' हे प्रशासनाला अगदी वाजवी उत्तर वाटतं. भक्ताचा प्रश्न मात्र वेगळा असतो: इथे राहतं कोण? एकदा प्रतिष्ठा झाली की देव तिथे राहतो. त्याला पहाटे उठवायचं, नैवेद्य दाखवायचा, रात्री निजवायचं. दर्शनाला येणारा माणूस हा त्याच्या घरी आलेला पाहुणा. मग पुजाऱ्यांनी आत पूजा करावी, लोकांनी मात्र येऊ नये, ही मर्यादा कागदावर सरळ दिसली तरी भक्ताला ती कळतच नाही.

आणि इंग्लंडच्या कायद्याला ही कल्पना परकी होती असंही नाही. १९२५ मध्ये लंडनमधल्याच प्रिव्ही कौन्सिलसमोर कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा खटला आला होता. घरातली मूर्ती आपल्या पाळीच्या वेळी दुसऱ्या घरी न्यावी का, असा वाद. तिथे न्यायाधीशांनी मूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानलं, आणि तिने कुठे राहावं याबाबत तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे असं म्हटलं. एवढंच कशाला, १९९१ मध्ये, म्हणजे मॅनरची लढाई चालू असतानाच, तमिळनाडूतल्या पाथूरच्या नटराजाच्या मूर्तीवरून लंडनमध्ये खटला झाला, आणि इंग्लंडच्या अपील न्यायालयाने एका मोडकळीस आलेल्या मंदिराला दावा करण्याचा अधिकार मान्य केला. म्हणजे मूर्तीच्या मालकीचा प्रश्न आला की न्यायालयाला देव दिसत होता. पार्किंगचा प्रश्न आला की दिसेनासा होत होता. 'कायदा म्हणजे कायदा' म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. कायद्याची प्रत्येक शाखा आपापल्या खिडकीतून बघते, आणि खिडकीबाहेरचं तिच्या लेखी नसतंच.

मग प्रकरण सुटलं कसं? हजारो लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले, त्याचं वजन पडलंच. पण तोडगा अगदी साधा होता: गावाला वळसा घालून मॅनरपर्यंत जाणारा स्वतंत्र रस्ता. त्यावर पुन्हा चौकशी झाली आणि १९९६ मध्ये पर्यावरण मंत्री जॉन गमर यांनी सार्वजनिक पूजेसह मंजुरी दिली. त्या रस्त्याचं नाव धरम मार्ग. मूर्ती हलली नाही, गावातली गर्दी हलली.

या तोडग्यातून आम्हाला वाचनाची एक कसोटी सापडते. तक्रार खरी की बहाणा, हे तक्रार करणाऱ्याच्या मनात डोकावून ठरवायचं नाही. तिथे आपल्याला प्रवेश नाही. ठरवायचं ते पुढे काय होतं त्यावरून. ट्रॅफिकची तक्रार असेल तर ट्रॅफिक सुटल्यावर ती संपली पाहिजे. रस्ता दिला, तरी आता झाडं आड येतात, मग आवाज आड येतो, मग 'गावाचं रूप' आड येतं, असं होऊ लागलं की समजावं, विषय गाड्यांचा राहिलेला नाही.

दुसरी कसोटी मापाची. न्यू जर्सीत आपली बरीच मंडळी आहेत, त्यांना बर्नार्ड्स टाउनशिपची मशीद आठवत असेल. १५० जणांसाठीची जागा. तीन माणसांमागे एक गाडी या हिशेबाने ५० पार्किंग पुरेशी होती. मंडळाने १०७ मागितल्या. जवळजवळ चार वर्षांत ३९ सुनावण्या झाल्या आणि शेवटी नकार. २०१६ च्या अखेरीस संघराज्य न्यायालयाने विचारलं, चर्च आणि सिनेगॉगला जे माप, ते इथे का नाही? अमेरिकेत २००० सालापासून असा कायदाच आहे, की जमीन-वापराच्या नियमांत एका धर्मस्थळाला दुसऱ्यापेक्षा वाईट वागवायचं नाही. पुढच्या वर्षी टाउनशिपने साडेबत्तीस लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि मशिदीला परवानगी मिळाली. तिथली पार्किंगची चिंता ऐकण्यासारखी असेलही. पण माप दोन ठेवलं, तिथे ती उघडी पडली.

आता हे इथे, मराठीत, का सांगायचं? कारण लेचमोर हीथमध्ये आपण अल्पसंख्य असतो आणि पुण्या-मुंबईत बहुसंख्य. सोसायटीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये रविवारी प्रार्थनासभा भरते, किंवा शुक्रवारी नमाजाला दहा-पंधरा माणसं जमतात. मग मीटिंगमध्ये कुणीतरी उठून म्हणतं, 'आमचा धर्माला विरोध नाही हो, पण पार्किंगचं काय?' वाक्य ओळखीचं वाटतं ना? त्या इंग्लिश खेड्यातही अशाच वाक्यांनी सुरुवात झाली असणार. प्रश्न विचारायला हरकत नाही, तो खराही असू शकतो. पण मग तोच प्रश्न वाटेत उभ्या राहिलेल्या मंडपालाही विचारावा लागतो. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक नको हा २००० चा नियम आणि सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत धर्मस्थळ नको हा २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, दोन्ही सगळ्यांसाठी आहेत. धर्माचं नाव त्यात नाही.

परदेशातल्या मंदिरासाठी जे वजन मागतो, ते आपल्या जिन्यावरच्या शेजाऱ्याला द्यायची तयारी नसेल, तर आपली मॅनरबद्दलची कळकळ ही धर्मस्वातंत्र्याची नव्हती, आपल्या माणसांपुरती होती. तसं असेल तर निदान तसं म्हणावं. आणि तसं नसेल, तर पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा मुद्दा निघेल तेव्हा आधी रस्त्याचा नकाशा मागा. किती गाड्या, कोणत्या वेळी, आणि दुसऱ्या कुणाला हेच विचारलं होतं का. एवढे तीन प्रश्न पुरतात.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.